‘आले’ की ‘आलो’

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून, त्यांना विचारून, थोडक्यात देते आहे.)

‘ताई, वय २९. गाव कोल्हापूरकडं, नोकरी चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटीला. रूमवर आम्ही तिघं. सगळ्यांसाठी मी मुलगा आहे. दाढी ठेवते, बाइक चालवते, रविवारी क्रिकेट खेळते. हे पत्र सोडलं तर “मी आले” असं मी कुठंच लिहीत नाही. आत मात्र कळायला लागल्यापासून दुसरंच आहे. कधी वाटतं, माझ्या डोक्यातच काही बिघाड आहे. गेली चार वर्षं मी पायाच्या नखांना नेलपॉलिश लावते. वर मोजे, वर सेफ्टी शूज. आठ तास लाइनवर उभी असते आणि आत बोटं लाल आहेत हे फक्त मला माहीत असतं. त्यावर माझा दिवस निघतो. ऑपरेशन, गोळ्या, गावभर सांगणं यातलं मला काही नको, निदान आत्ता नको. कुणाच्या डोळ्यावर न येता, माझ्यापुरतं बाई म्हणून राहता यावं एवढंच हवंय. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा एका नखावर थोडा रंग राहिला होता. तो वहिनीने पाहिला. बोलली काही नाही. परत आल्यावर बॅग उघडली तर आत नव्या मोज्यांचे दोन जोड होते. तेव्हापासून तिच्याकडे बघायची हिंमत होत नाही. आता आई स्थळं बघतेय. मी सगळ्यांना फसवतेय का? उद्या बाइकवरून पडले आणि दवाखान्यात बूट काढले तर? आणि एवढ्याशा जागेत अजून काय काय करता येईल?’

प्रिय मैत्रीण,

पत्राखाली तुम्ही एक नाव लिहिलंय. ते मी इथे छापत नाही. ते तुम्ही स्वतःसाठी निवडलंय, कुणाला सांगायचं हेही तुम्हीच ठरवा. पण मैत्रीण मात्र मी म्हणणारच, कारण चार पानं तुम्ही ‘लावते’, ‘बघते’, ‘आले’ असं लिहीत गेलात आणि त्या क्रियापदांवर एकही खाडाखोड नाही.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी मला असंच एक पत्र आलं होतं. लिहिणारे शिक्षक होते, दोन मुलांचे वडील. रात्री सगळे झोपल्यावर बायकोची साडी अंगावर धरून बसतो, असं त्यांनी लिहिलं होतं. मी उत्तरात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, मन दुसरीकडे गुंतवा, अशा चार ओळी लिहून मोकळी झाले. त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही. ते उत्तर मला अजून टोचतं. तुम्हाला आज एवढं लांबलचक लिहिते आहे, त्यात त्यांचंही देणं आहे.

आधी फसवण्याचं बघू. फसवणुकीत कुणाचं तरी काहीतरी जातं. लाइनवर तुम्ही तपासलेला पार्ट बरोबर असतो, रूमचं भाडं वेळेवर पोचतं, गावी पैसे जातात. बुटाच्या आत नखं लाल आहेत म्हणून यातलं काय कमी झालं? तुम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही, इतकंच. आणि जिथे सांगितल्यावर टोमणे, मारहाण किंवा नोकरी जाण्याची भीती आहे, तिथे गप्प राहणं म्हणजे पावसात छत्री उघडण्यासारखं आहे. छत्री उघडणाऱ्याला कुणी खोटारडं म्हणत नाही. याला अपवाद एकच, लग्नाचा. त्यावर मी पुढे बोलणार आहे, आणि ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

‘डोक्यात बिघाड’ हे शब्द मला वाचवले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं जे नवं वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यात जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि मनाला जाणवणारं लिंग न जुळणं हे मानसिक आजारांच्या यादीतून काढून टाकलेलं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात म्हटलं आहे की कपडे, बोलणं, वागणं यांतून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. पुढे यावर कायदे झाले. कधी आधार कार्डावरचं नाव किंवा लिंग बदलावंसं वाटलं तर त्या दिवशी लागू असलेला नियम वकिलाकडून समजून घ्या. आज तुम्हाला ते नकोच आहे. आज एवढं पुरे की रूमचं दार लावून तुम्ही साडी नेसलात तर तो गुन्हाही नाही आणि आजारही नाही. आणि कुणी डॉक्टर ‘यातून बरं करतो’ म्हणाला तर तिथून उठा. असा उपचार करणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेलं आहे. बाबा, बुवा आणि देवऋषी यांच्याबद्दल वेगळं लिहायला नको.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले त्याबद्दल. ‘हे पत्र सोडलं तर मी आले असं मी कुठंच लिहीत नाही.’ मराठीत हे दुखणं फार जवळचं आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला, बंगाली बोलणाऱ्याला स्वतःबद्दल बोलताना बाई की पुरुष हे दर वाक्यात सांगावं लागत नाही. आपल्याकडे तोंड उघडलं की क्रियापद साक्ष द्यायला उभं. आलो, गेलो, बसलो, थकलो. दिवसातून शंभर वेळा तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं की मी पुरुष आहे. याचा थकवा लाइनवर उभं राहण्याच्या थकव्यापेक्षा मोठा असणार, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पण याच मराठीत वाटाही आहेत. नीट ऐका. ‘मी जाईन’, ‘मी करेन’: भविष्यकाळात बाई-पुरुष भेद नाही. ‘मला जायचंय’, ‘मला उशीर होईल’, ‘मला वाटतं’: यात ‘मला’ आलं की क्रियापद तुमच्याकडे बघतच नाही. ‘मी चहा घेतला’, ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी रिपोर्ट पाठवला’: इथे क्रियापद चहाचं, भाकरीचं, रिपोर्टचं ऐकतं. ‘चेक करतोय’ऐवजी ‘माझं चेकिंग चाललंय’. ‘मी थकलो’ऐवजी ‘आज दम निघाला माझा’. ‘मी निघतो’ऐवजी ‘चला, निघायला हवं’. ही सगळी रोजची, साधी वाक्यं आहेत, कुणाचा कान टवकारणार नाही. सगळीच वाक्यं अशी फिरवता येत नाहीत. ‘आलो’, ‘विसरलो’, ‘बोललो’ अधूनमधून येणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आठवडाभर करून बघा. शंभराचे वीस झाले तरी जिवाला फरक पडतो.

आणि तुम्ही तर कोल्हापूरकडच्या. तुमच्या भागात बायका काय म्हणतात आठवा. ‘आलो गं’, ‘जेवतो आता’. पुण्यात शिकायला आलेल्या तिकडच्या मुलींना यावरून चिडवलेलं मी पाहिलंय. तुमच्या आजीने, आईने बहुधा आयुष्यभर ‘आलो’च म्हटलं असेल आणि त्यांच्या बाईपणाला त्याने ओरखडासुद्धा उठला नाही. तेव्हा लाइनवर तोंडातून ‘आलो’ निघालं की ते पुरुषाचं समजू नका, आईचं समजा. हे मनाचं समाधान म्हणून सांगत नाही. तुमच्या घरातलं व्याकरणच तसं आहे.

माझे एक मामा होते. गावच्या जत्रेत मंडळाचं नाटक असायचं आणि त्यात बाईचं काम मामा करायचे. मी आठ-नऊ वर्षांची होते. पिनांची डबी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे. निऱ्या घालताना ते कुणाला हात लावू देत नसत. पदर खांद्यावर आला की आरशाजवळ वाकून एका बोटाने कुंकू रेखायचे, आणि मग त्यांचे खांदे खाली यायचे. दिवसभर डोक्यावर असलेली पाटी कुणी उतरवून घ्यावी तसे. पुढे मंडळाने बाहेरगावाहून नट्या आणायला सुरुवात केली. मामांचं काम गेलं. त्यानंतर जत्रेच्या रात्री ते शेतावर जाऊन झोपायचे. त्यांच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही, मी कधी विचारलं नाही, आणि आज त्यांच्यावर एखादं नाव चिकटवणं मला बरोबर वाटत नाही. पण ते खाली आलेले खांदे मला अजून दिसतात. तुमच्या बुटांतल्या लाल नखांबद्दल वाचताना ते पुन्हा दिसले.

आपल्या समाजाचं हे जुनंच आहे. बालगंधर्वांचं नेसणं आणि दागिने बघून घरंदाज बायका तसं नेसायला लागल्या, आणि १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आणि तुमच्याच कोल्हापूरचे गणपत पाटील, पडद्यावर नाच्या रंगवणारे, घरी बायकामुलं असलेले संसारी गृहस्थ. लोकांनी ती भूमिका त्यांच्या दारापर्यंत नेऊन त्यांना छळलं. रंगमंचावर टाळ्या, रस्त्यावर टोमणे. हे बदलायला हवं आणि थोडं बदलतंयही. पण ते बदलेपर्यंत तुम्ही श्वास रोखून बसावं असं मी सांगणार नाही.

म्हणून आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, अजून काय करता येईल. पायांपासूनच सुरू करते. रंगाच्या खाली एक बेस कोट लावत जा, नाहीतर लाल रंगाने नखं पिवळी पडतात. महिन्यात चार-पाच दिवस नखं मोकळी ठेवा. सेफ्टी शूजमध्ये घाम साचतो, आणि नखाला बुरशी धरली तर पॉलिशखाली ती दिसत नाही. मोजे सुती, रोज धुतलेले. रिमूव्हरचा वास तीन जणांच्या खोलीत लगेच पसरतो, तेव्हा ॲसिटोन नसलेला घ्या किंवा सोलून निघणारं पॉलिश वापरा. जोडव्यांचं तुम्ही विचारलंय. बुटाच्या आत नको. पुढची स्टीलची टोपी, बारीक बोटं आणि मध्ये धातू, दिवसभरात बोटाचं कातडं जाईल. जोडवी रात्री घाला. हातात, गळ्यात, कानात तर मशीनजवळ काहीच नको. हा नियम बाई-पुरुष सगळ्यांना सारखाच आहे, अंगठी अडकून बोट गेल्याची उदाहरणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकली असतील. कंपनीची मेडिकल तपासणी कधी असते ते आधी विचारून ठेवा आणि त्याच्या आदल्या रात्री नखं साफ करा, म्हणजे वर्षभर त्या एका दिवसाची धास्ती नको.

बाहेरच्या जगात पुरुषांना चालतात आणि तरी तुमच्या मनातल्या बाईला ओळखीच्या वाटतील अशा गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. भिकबाळी घ्या. मोत्याची, लाल खड्याची. ढोल-ताशा पथकातली निम्मी मुलं घालतात, कुणी वळून बघत नाही. तुमच्यासाठी तो कानातला दागिना आहे, बघणाऱ्यासाठी मराठी बाणा. खणाचा कुर्ता किंवा जाकीट आता पुरुष सर्रास घालतात, आणि ते कापड मुळात चोळीचं आहे हे अंगावर घेतल्यावर तुम्हाला कळेल. मोगऱ्याचं अत्तर पुरुषही लावतात. लांब केसांचा बुचडा आज चाकणच्या कितीतरी पोरांचा असतो. शर्टाच्या आत सुती शमीज घालता येते, पण गडद किंवा जाड शर्टाखाली, आणि घट्ट नको. उन्हाळ्यात घामोळं येतं आणि घामाने शर्ट चिकटला की पट्टी दिसते.

खरेदीला तुळशीबागेत जा. तिथे ‘बहिणीला पाहिजे’ म्हणून बांगड्या घेणारे पुरुष रोज येतात, दुकानदार मान वर करून बघत नाही. एकच अडचण मापाची. बहिणीचं माप सांगाल आणि ते तुमच्या हातात जाणार नाही. मोठ्या हाताला दोन-दहाची बांगडी लागते, तीच मागा. काचेच्या बांगड्यांचा आवाज खोलीत फार होतो, म्हणून रूमवर एक-एक पाटली बरी. ऑनलाइन मागवत असाल तर पार्सल रूमवर येऊ देऊ नका, आणि ज्या खात्यावर घरचेही खरेदी करतात ते तर वापरूच नका. मागच्या सगळ्या ऑर्डरी त्यात दिसत राहतात.

फोनबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. साडीतले फोटो काढावेसे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. काढा, पण आधी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा. तुमचा फोटो गावच्या घरातल्या टीव्हीवर दिसायला एक चुकीचं बटण पुरतं. चेहरा आणि मागची भिंत एका फोटोत नको. ॲपवर कुणी गोड बोललं, फोटो मागितला, तर देऊ नका. पहिल्या महिन्यात तर नाहीच. आणि जर कधी कुणी फोटोवरून धमकावून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. धमकी देणारा गुन्हेगार आहे, तुम्ही नाही.

गोळ्या नको म्हणालात ते बरं केलंत, तरी सांगून ठेवते. कधी मन बदललं तर मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून स्वतःच सुरू करायच्या नाहीत. यूट्यूब बघून तर नाहीच. त्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि तुम्ही सिगरेट ओढत असाल तर अजूनच. त्या वाटेला हार्मोनच्या डॉक्टरांकडूनच, रक्ततपासण्या करूनच जायचं असतं.

बाइकवरून पडण्याची भीती मी दोनदा वाचली. अपघात विभागातल्या नर्सने आयुष्यात काय काय पाहिलेलं असतं याची तुम्हाला कल्पना नाही. रंगवलेली नखं बघून ती पुढच्या पेशंटकडे जाईल. कदाचित बोटाला क्लिप लावताना रंग आड येतो म्हणून हाताची नखं बघेल, पायाची नाही. तुमच्याबद्दल दवाखान्यात जे कळतं ते गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि मानसिक उपचारांच्या बाबतीत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो रुग्णाचा हक्क म्हणून लिहून ठेवला आहे. हेल्मेट घाला. तुमचे पाय लाल आहेत म्हणून घालू नका, तुम्ही आम्हाला हव्या आहात म्हणून घाला.

आता लग्न.

आई स्थळं बघतेय. दिवाळीनंतर बायोडाटा फिरेल, एखाद्या रविवारी तुम्हाला कुणाच्या तरी घरी पोहे खायला नेतील. समोर एक मुलगी बसलेली असेल. ती कदाचित नर्सिंग करून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात लागलेली असेल, कदाचित बी. कॉम. होऊन गावात क्लास घेत असेल. तिनेही रात्री झोप न येता विचार केला असेल, कसा असेल माणूस. तिला काहीच न सांगता हो म्हणालात तर ती फसवणूक होईल. इथे तुमच्या मौनाने कुणाचं तरी काहीतरी जातं. तिची वर्षं जातात. कुठे कमी पडले मी, असं स्वतःलाच विचारत ती आरशासमोर उभी राहील आणि तिला उत्तर कधीच मिळणार नाही. साडी अंगावर धरून बसणाऱ्या त्या शिक्षकांना मी विसरले नाही तसंच पलीकडच्या खोलीत झोपलेल्या त्यांच्या बायकोलाही विसरले नाही. तिच्याबद्दल तेव्हा मी एक शब्द लिहिला नव्हता.

लग्न झालं की हे जाईल, असं तुमच्या मनात कुठेतरी असेल तर ते काढून टाका. ते जात नाही. चार वर्षं नाही गेलं, कळायला लागल्यापासून नाही गेलं, मांडवात कसं जाईल? याचा अर्थ तुमच्या नशिबी सोबत नाही असं मुळीच नाही. सगळं ऐकून, महिने घेऊन, विचार करून, होकार देणारी जोडीदार मिळू शकते. अशी घरं आहेत. पण क्रम तोच हवा: आधी सांगणं, मग होकार.

आणि तोवर आईला काय सांगायचं? सगळं सांगायची गरज नाही. खोटं मात्र नको. ‘पगार वाढू दे’, ‘प्रमोशन होऊ दे’ अशा सबबी सहा महिने टिकतात, मग आई नवा मुहूर्त काढते. सरळ बोला. ‘आई, मला लग्न करायचं नाही. दुसरं कुणी नाही, कुणाशी भांडण नाही, व्यसन नाही. पण कुणाच्या पोरीच्या आयुष्याचं वाटोळं मला करायचं नाही. कारण मला आत्ता सांगता येत नाही, येईल तेव्हा पहिलं तुलाच सांगीन.’ बघा, यातही एकही ‘-तो’ नाही. ती रडेल, उपास धरेल, मामाला बोलावेल. तुम्ही तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणा. दर वेळी नवं कारण देऊ नका, नव्या कारणाला नवं उत्तर शोधलं जातं. हा वाद फोनवर, चाकणहून घाला, गावी असताना नको. आणि गावी जाल तेव्हा परत यायचं तिकीट आधीच खिशात असू दे.

पत्राच्या तिसऱ्या पानावर ‘कधी कधी सगळंच नको वाटतं’ असं एक वाक्य आहे. पुढे लगेच तुम्ही क्रिकेटबद्दल लिहिलंय, पण मी ते वाचलंय. तसं वाटेल त्या रात्री १४४१६ ला फोन करा, टेलिमानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. रूमवर बोलता येत नसेल तर गच्चीवर जा. आणि तुमच्यासारखे इतर लोक भेटावेत असं वाटलं तर मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर वर्षानुवर्षं मराठीत लिहिलं, बोललं. मराठीत म्हणते ते मुद्दाम. आपल्या जिवाची गोष्ट आपल्या भाषेत सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत, आणि समोरच्यालाही ‘जोडवी’ म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. तुम्हाला काय म्हणायचं, ट्रान्स की क्रॉसड्रेसर की आणखी काही, याची घाई कुणीही करत असेल तर त्याला थांबवा. ते तुम्हाला दहा वर्षांनी कळलं तरी चालेल.

शेवटी वहिनी.

तुम्ही लिहिता, तिच्याकडे बघायची हिंमत होत नाही. मी तुमच्या जागी नाही, पण तिच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं. सासरचं घर, दिवाळीची गडबड, फराळाचे डबे. दिराच्या पायाच्या एका नखावर लाल रंग दिसतो. ती नवऱ्याला सांगू शकली असती, सासूबाईंच्या कानावर घालू शकली असती, चेष्टेत चारचौघांत ओरडू शकली असती. तिने यातलं काही केलं नाही. ती दुकानात गेली, मोजे घेतले, एक नाही, दोन जोड, आणि कुणाच्या नकळत तुमच्या बॅगेत ठेवले. ती किळसली असती तर तिने पायांकडे बघणं टाळलं असतं. तिने ते झाकायला मदत केली. तिला किती कळलंय हे आपल्याला माहीत नाही. कदाचित सगळं, कदाचित फक्त एवढंच की हे उघडं पडलं तर घरात तुमचं काही खरं नाही.

लगेच तिच्यापुढे सगळं मन मोकळं करू नका. ती त्या घरात सून आहे, तुमचं गुपित सांभाळायचं ओझं तिच्यावर टाकलं आणि उद्या ते बाहेर आलं तर आधी तिला विचारलं जाईल, तुला माहीत होतं का. तिचाही विचार करायला हवा. पण इतके महिने तुम्ही तिच्याशी नजर चुकवताय, आणि त्या बाईला बहुधा वाटत असेल की आपण मोजे ठेवून आगाऊपणा केला. ते तरी दूर करा. दुपारी, भाऊ कामावर आणि आई शेजारी गेलेली असेल अशा वेळी फोन करा. आधी पोरांची चौकशी करा, पाऊसपाण्याचं बोला. मग ठेवता ठेवता म्हणा, ‘वहिनी, ते मोजे रोज घालतो बरं का.’ बाकी काही नको. ती तुमच्याच भागातली आहे. तिच्याही तोंडी ‘घालतो’च असतं.

तुमची,
ताई